आधी वाचून घ्या

ही पुस्तिका एका चुकीतून निघाली आहे आणि ती चूक माझी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आमच्या ओळखीतले एक काका नोकरीनिमित्त बरीच वर्षे जर्मनीत होते. परत येताना त्यांनी सामानातून कमोडोर ६४ हा संगणक, त्याचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह आणि सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा एक डबा आणला. पुढे तो सगळा संसार माळ्यावर गेला. एका रविवारी सकाळी काका तो जुन्या चादरीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "अरे, विकतचे गेम यावर चालेनासे झाले, तेव्हा बंद करून ठेवला. बघ जरा. तुझ्या हाताला यश आहे."

हाताला यश होते ते टेपरेकॉर्डरचे. कॅसेटचा जमाना ज्यांनी पाहिला त्यांना ते कामही ठाऊक असेल. बेल्ट सैल पडला की गाणे रेंगाळते, हेड मळले की आवाज बसतो आणि बारीक स्क्रूने हेडचा कोन जुळवला की आवाजातली धार परत येते. १५४१ उघडला तेव्हा मला ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटले. तोच बेल्ट, तेच हेड, तीच धूळ. मी हेड पुसले, रुळांवरचे सुकलेले ग्रीस काढले, आणि तपासले तर हेड ट्रॅकच्या मधोमध बसत नव्हते. हेडला मागेपुढे नेणारी स्टेपर मोटर दोन स्क्रूंनी चौकटीला धरलेली असते. ते स्क्रू सैल केले, मोटर केसभर फिरवली, विकतच्या गेमची फ्लॉपी घालून पाहिले, पुन्हा केसभर फिरवली. दुपारपर्यंत ड्राइव्ह असा जुळला की एकाही गेमने कुरकुर केली नाही.

काकांना फोन केला. ते आले, चहा झाला, गेम पाहून खूश झाले. मग त्यांनी डब्यातून स्वतःच्या फ्लॉप्या काढल्या. एकूण अकरा. सर्वांत जुन्या दोन अडखळत उघडल्या. उरलेल्या नऊपैकी एकही नाही. ड्राइव्हचा लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला.

"पण या तर चालत होत्या रे," काका म्हणाले. "बंद केला त्या दिवशीसुद्धा चालत होत्या."

ते खरेच होते. काकांचा ड्राइव्ह एका दिवसात बिघडला नव्हता. वर्षानुवर्षे हेड थोडे थोडे सरकत गेले आणि ड्राइव्ह त्या सरकलेल्या जागेवरच लिहीत गेला. जिथे लिहायचा तिथेच वाचायचा, म्हणून त्याला स्वतःचे ताजे लिहिलेले नेहमी कळत होते. कळेनासे झाले ते इतरांचे, म्हणजे कारखान्यात नीट जुळवलेल्या यंत्रावर भरलेले गेम. मी ड्राइव्ह जगाच्या मापाला आणला आणि त्या घरच्या फ्लॉप्या जगात कुणालाच वाचता येणार नाहीत अशी सोय केली. मोटर मुळात कुठे होती याची साधी पेन्सिलीची खूणसुद्धा मी केली नव्हती.

या पुस्तिकेतली प्रत्येक कृती त्या दुपारनंतर शिकलेली आहे. तिचा सारांश तीन शब्दांत शीर्षकातच दिला आहे. ड्राइव्ह दुरुस्त करणे अवघड नाही. त्याच्याजवळच्या फ्लॉप्यांवर काय आहे ते आधी वाचून घेणे, आणि मगच स्क्रूला हात लावणे, हे अवघड आहे, कारण तेव्हा हात शिवशिवत असतात.

*

आता थोडे या यंत्रांविषयी.

आपल्याकडे फ्लॉपी म्हटले की पीसीची साडेतीन इंची निळी-काळी वडी आठवते. तिची वंशावळ मात्र जुनी आहे. पहिली फ्लॉपी आयबीएमने १९७१ साली आणली. ती आठ इंची होती आणि मोठ्या संगणकांसाठी होती. शुगार्ट असोसिएट्सने १९७६ मध्ये सव्वापाच इंची ड्राइव्ह काढला आणि फ्लॉपी टेबलावर मावू लागली. १९७८ मध्ये ॲपलचा डिस्क टू आला. त्याच्या नियंत्रक कार्डावर स्टीव्ह वॉझ्निॲकने इतक्या कमी चिप वापरल्या की त्याची आजही वाखाणणी होते. घरगुती संगणकाला परवडेल असा ड्राइव्ह देता येतो, हे त्यातून दिसले. भारतात त्या काळी घरगुती संगणक कमीच. १९८६ पासून इथे डीबी स्पेक्ट्रम प्लस मिळू लागला, पण त्याचा संसार कॅसेटवर चालायचा. म्हणून या पुस्तिकेतले बहुतेक ड्राइव्ह आपल्याकडे आले ते परदेशातून परतणाऱ्यांच्या बॅगांतून, किंवा अलीकडे हौशी मंडळींनी मागवलेल्या पार्सलांतून.

त्यातही १५४१ ला मी सर्वांत जास्त पाने दिली आहेत, आणि ती त्याच्या लोकप्रियतेमुळे नाहीत. कमोडोर ६४ अमेरिकेत १९८२ साली ५९५ डॉलरला आला आणि जोडीचा ड्राइव्ह ३९९ डॉलरला. ड्राइव्ह एवढा महाग का, हे तो उघडल्यावर कळते. आत स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, २ किलोबाइट रॅम आहे आणि १६ किलोबाइटच्या रॉममध्ये स्वतःची कार्यप्रणाली आहे. म्हणजे संगणकाला जोडलेला हा दुसरा संगणकच. फ्लॉपीवर ३५ ट्रॅक. बाहेरचा ट्रॅक लांब म्हणून त्यावर २१ सेक्टर, आतला आखूड म्हणून त्यावर १७. चकती मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या एकाच वेगाने फिरते, बदलतो तो लिहिण्याचा वेग. प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइट, असे एकूण ६८३ सेक्टर. त्यातला अठरावा ट्रॅक यादीसाठी राखलेला, म्हणून वापरायला उरतात ६६४. सगळे मिळून सुमारे १७० किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा एखादा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

एवढी हुशारी असूनही हा ड्राइव्ह कमालीचा मंद. सेकंदाला तीनचारशे बाइट. ४० किलोबाइटचा गेम भरायला दोन मिनिटे लागायची. याचे कारण ऐकण्यासारखे आहे. आधीच्या व्हिक-२० संगणकासाठी एक एक बिट पाठवण्याचे काम ६५२२ या चिपमधल्या एका भागाकडून करून घ्यायचे ठरले होते. त्या भागात दोष निघाला, म्हणून तेच काम प्रोग्रामकडे सोपवले गेले आणि वेग पडला. पुढे कमोडोर ६४ आला. त्याची चित्र काढणारी चिप मधूनमधून प्रोसेसरला थांबवून ठेवते. तो थांबला असताना बिट निसटू नये म्हणून वेग आणखी उतरवला. एका चिपमधला दोष लाखो घरांत दोन दोन मिनिटांची वाट बनून राहिला. त्यातूनच मग वेग वाढवणारी कार्ट्रिजे आणि जिफीडॉससारखे बदली रॉम आले. ते संगणकात आणि ड्राइव्हमध्ये दोन्हीकडे बसवायचे. म्हणजे या ड्राइव्हची सुधारणा हा आजच्या हौशी लोकांचा शोध नाही. तो बाजारात असतानाच ती सुरू झाली होती.

दुसरी गोष्ट खडखडाटाची. हेड आत्ता कुठल्या ट्रॅकवर आहे हे कळायला या ड्राइव्हमध्ये संवेदकच नाही. मग पहिला ट्रॅक सापडावा कसा? हेडला बाहेरच्या दिशेने ढकलत राहायचे. शेवटी ते अडसरावर आपटते आणि आपटतच राहते. आता याच्या पलीकडे जाणे नाही, म्हणजे हाच पहिला ट्रॅक. फ्लॉपी फॉरमॅट करताना किंवा वाचताना चूक सापडली की बंदुकीच्या फैरीसारखा आवाज येतो तो याचाच. डिस्क टू सुद्धा सुरू होताना असाच कुरकुरतो, आणि त्याचे कारणही हेच. कमोडोरच्या गेममध्ये भर पडली ती नकलेविरुद्धच्या युक्तीची. काही कंपन्या फ्लॉपीवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवत आणि गेम सुरू होताना तो सेक्टर खराबच आहे ना हे तपासत. प्रत्येक तपासणीला हेड आपटणार. गेम अस्सल असल्याचा पुरावा ड्राइव्हच्या डोक्यावर हातोडा मारून घेतला जाई. आत ट्रान्सफॉर्मरची उष्णता, वर हे आपटणे. मोटरच्या दांड्यावरची कप्पी किंचित सरकली तर नवल नाही. दोन ट्रॅकमधले अंतर एक इंचाचा अठ्ठेचाळिसावा भाग, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. एवढ्यात किंचित सरकणे पुरेसे होते.

काकांच्या फ्लॉप्यांचे कोडे असे उलगडते. घरातल्या प्रत्येक गेमने हेडला थोडे थोडे ढकलले होते आणि त्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी त्यावर काही लिहून ठेवले होते.

*

दुरुस्तीच्या प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे की जे परत फिरवता येते ते आधी आणि जे येत नाही ते शेवटी. आधी वीज, मग स्वच्छता, मग बेल्ट आणि वंगण, मग वेग, आणि सगळ्यांच्या शेवटी हेडची जागा. दहांतले आठ ड्राइव्ह पहिल्या तीन पायऱ्यांतच बरे होतात, असा माझ्या टेबलावरचा हिशेब आहे. जे होत नाहीत त्यांतल्या बऱ्याच ड्राइव्हांना माझ्याआधी कुणीतरी 'जुळवलेले' असते.

विजेबद्दल आधी. १५४१ चा ट्रान्सफॉर्मर पेटीच्या आतच असतो, म्हणजे झाकण काढले की घरची वीज उघडी. जर्मनीतला ड्राइव्ह आपल्याकडे निर्धोक चालतो. अमेरिकेतला मात्र १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या भिंतीतल्या २३० व्होल्टला लावला तर दुरुस्तीला काही उरत नाही. भाच्याने न्यू जर्सीहून हौसेने आणलेले यंत्र उघडण्याआधी त्याच्या पाठीवरची पट्टी वाचा. तीही एक प्रकारे 'आधी वाचून घ्या' मध्येच येते.

स्वच्छतेत सर्वांत मोठा शत्रू आपला पावसाळा. मुंबईत, कोकणात, गोव्यात माळ्यावर राहिलेली फ्लॉपी खिडकीशी तिरपी धरून फिरवली की चकतीवर पांढरट ठिपके दिसतात. ती बुरशी. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी आणि तिच्याखालचा चुंबकीय लेप दोन्ही हेडवर येतात आणि ते मळके हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे काढते. एका फ्लॉपीचा आजार सगळ्या डब्याला लागतो. म्हणून नियम असा, की संशयास्पद फ्लॉपीनंतर हेड पुसल्याशिवाय दुसरी फ्लॉपी घालायची नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, हलका हात. १५४१ मध्ये हेड खालून टेकते आणि वरून नमद्याची एक गादी फ्लॉपीला दाबून धरते. ती झिजली असेल तर हेड कितीही पुसले तरी उपयोग नाही.

बेल्टचे प्रकरण ॲमस्ट्रॅड कंपनीचे संगणक असणाऱ्यांसाठी आहे. १९८५ चा सीपीसी ६१२८ आणि १९८७ चा स्पेक्ट्रम प्लस थ्री यांत तीन इंची ड्राइव्ह असतो. जगाने साडेतीन इंची फ्लॉपी स्वीकारली, यांनी तीन इंची. त्या ड्राइव्हमधला बेल्ट इतक्या वर्षांत एक तर ताणून सैल होतो, नाहीतर वितळून काकवीसारखा चिकट होतो. मोटर फिरते, चकती फिरत नाही, आणि फ्लॉपी आत असूनही संगणक 'डिस्क मिसिंग' म्हणत बसतो. लोक ड्राइव्ह मेला असे धरून टाकून देतात. खरे तर तो चिकटा पुसून नवा बेल्ट घातला की बहुतेक वेळा यंत्र जागे होते. घरातले रबरबँड मात्र नको. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे वेग डगमगतो.

वंगणाबद्दल एवढेच, की जुने काढल्याशिवाय नवे घालू नका. अमिगा संगणकाच्या साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये ग्रीस सुकून घट्ट झाले तर फ्लॉपी बाहेर येताना वरचे हेड वेळेवर उचलले जात नाही. अशा वेळी बटण जोरात दाबले की फ्लॉपीचे झाकण हेडला घेऊन बाहेर येते. ते हेड पुन्हा बसवणे घरच्या टेबलावर होत नाही.

वेगाचे प्रकरण मला सर्वांत आवडते, कारण त्यात उपकरण म्हणून ट्यूबलाइट लागते. जुना १५४१ चालू करून कुशीवर ठेवला की तळाला फिरणारे चाक दिसते. त्यावर काळ्यापांढऱ्या खुणांची दोन वर्तुळे आहेत, एक ६० हर्ट्‌झ वीज असलेल्या देशांसाठी आणि दुसरे आपल्यासारख्या ५० हर्ट्‌झवाल्यांसाठी. चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते, डोळ्याला कळत नाही इतकेच. तिच्या उजेडात चाक बरोबर ३०० च्या वेगाने फिरत असेल तर ५० च्या वर्तुळातल्या खुणा जागच्या जागी थिजल्यासारख्या दिसतात. खुणा मागे सरकताना दिसल्या तर वेग कमी आहे, पुढे सरकल्या तर जास्त. बारीक स्क्रूड्रायव्हरने मोटरच्या पट्टीवरचा प्रीसेट फिरवायचा आणि खुणा उभ्या करायच्या. एलईडी दिव्याखाली बहुधा हे दिसत नाही. म्हणून स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब बदलली तेव्हा ती मी पट्टीसकट माझ्या टेबलावर आणली. घरच्यांनी कारण विचारले. सांगितल्यावर पुन्हा काही विचारले नाही.

*

आता सुधारणेकडे. हल्ली जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींत गोटेक हे नाव घरोघरी झाले आहे. ही साडेतीन इंची ड्राइव्हच्या आकाराची चिनी पेटी मुळात भरतकामाच्या आणि तत्सम औद्योगिक यंत्रांसाठी बनली. ती यंत्रे फ्लॉपीवर चालत आणि फ्लॉपी मिळेनाशा झाल्या. पेटीला तोंडाशी यूएसबी, पाठीला ३४ पिनांची तीच जुनी जोडणी. कीर फ्रेझर यांनी तिच्यासाठी फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले. ते घातले की पेनड्राइव्हमधल्या शेकडो फ्लॉप्यांच्या प्रती अमिगा, ॲमस्ट्रॅड यांना खऱ्या फ्लॉपीसारख्या दिसू लागतात. बेल्ट नाही, हेड नाही, बुरशी नाही.

पण 'पिना जुळल्या म्हणजे झाले' या समजुतीने बरीच यंत्रे जळाली आहेत. ॲमस्ट्रॅडच्या तीन इंची ड्राइव्हला वीज देणाऱ्या तारांत ५ आणि १२ व्होल्टच्या जागा पीसीच्या रीतीपेक्षा उलट आहेत. तीच तार गोटेकला लावली तर ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. अमिगा ३४ व्या पिनवर 'ड्राइव्ह तयार आहे' हा इशारा शोधतो, तर पीसीचा ड्राइव्ह तिथे बहुधा 'फ्लॉपी बदलली' असे सांगतो. त्यामुळे पीसीचा ड्राइव्ह अमिगात बसतो, फिरतो, पण त्यांचे संभाषण जुळत नाही. आणि डिस्क टू ची पट्टी एक पिन सरकवून लावली की आतली ७४एलएस१२५ ही चिप जाते. ही चूक इतक्या जणांनी केली आहे की ती चिप मी पाकिटाने आणून ठेवतो. अशा जोडण्यांचे तक्ते पुस्तिकेच्या शेवटी दिले आहेत.

१५४१ ला गोटेक लागत नाही, कारण त्याची बुद्धीच पेटीच्या आत आहे. संगणक त्याच्याशी साध्या सिरियल तारेने बोलतो. तिथे एसडी२आयईसी नावाची छोटी पट्टी चालते, पण ती ड्राइव्हची भाषा बोलते, ड्राइव्ह होत नाही. अनेक गेम स्वतःचा प्रोग्राम ड्राइव्हच्या ६५०२ मध्ये पाठवून तिथे चालवतात. पट्टीत तो प्रोसेसरच नसतो, त्यामुळे असे गेम अडतात. त्यावर उतारा म्हणजे पीआय१५४१. यात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक अख्ख्या ड्राइव्हची नक्कल करतो, एक मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्यासकट. जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल करायला त्याच्या हजारपट वेगाचे यंत्र लागते, याची मला मौज वाटते.

या सगळ्या सुधारणा मी मनापासून करतो आणि करा म्हणून सांगतो. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. गोटेक बसवल्यावर काढलेला ड्राइव्ह भंगारात जातो. गोटेक संगणकाची सोय करतो, फ्लॉपीची नाही. नेटवर मिळणारे गेम त्यात घालता येतील. तुमच्या घरात, तुमच्या हाताने लिहिलेली फ्लॉपी त्यात घालायची सोय नाही. ती वाचणारे यंत्र एकच असू शकते, आणि ते नेमके तुम्ही आत्ता काढून ठेवलेले असते.

ती वाचण्याची साधने आज आहेत आणि स्वस्त आहेत. कीर फ्रेझर यांचेच ग्रीझवीझल हे छोटे सर्किट फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून संगणकावर आणते, अर्थ नंतर लावता येतो. झूमफ्लॉपी हे १५४१ लाच यूएसबीने आजच्या संगणकाला जोडते, म्हणजे ज्या ड्राइव्हने लिहिले त्यालाच वाचायला बसवता येते. एका फ्लॉपीची प्रत १,७४,८४८ बाइटची फाइल होऊन येते.

या कामाचे मोल पटवायला एक उदाहरण पुरे आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कितीतरी संगणक प्रयोगशाळांत, शिक्षकांची पाठ वळली की प्रिन्स ऑफ पर्शिया सुरू व्हायचा. तो गेम जॉर्डन मेकनर यांनी मुळात ॲपल टू वर लिहिला आणि तो १९८९ मध्ये आला. त्याचा मूळ प्रोग्राम हरवला असे बरीच वर्षे मानले जात होते. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या. तेव्हा मेकनर यांनी त्या स्वतः जुन्या यंत्रात घालून पाहण्याची घाई केली नाही. या कामातले जाणकार जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ यांना बोलावले, आणि त्यांनी त्या सुखरूप उतरवून घेतल्या. आज तो प्रोग्राम कुणालाही वाचता येतो. अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगावर काढलेली चित्रेही पिट्सबर्गच्या संग्रहालयातल्या फ्लॉप्यांवर अशीच अडकून होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबने ती बाहेर काढली आणि २०१४ मध्ये जगाला दाखवली.

आपल्या घरांत वॉरहॉल नसेल. पण नव्वदच्या दशकात मराठी मजकूर फ्लॉपीवरून छापखान्यात जात असे. दिवाळी अंकांचे लेख, कवितासंग्रहांची जुळणी, कुणाचा प्रबंध, कुणाच्या लग्नपत्रिकेचा मसुदा. यातल्या बहुतेक फ्लॉप्या पीसीच्या आहेत, घरगुती संगणकांच्या नाहीत. त्यांवरची अक्षरे श्रीलिपीसारख्या त्या त्या फाँटच्या सांकेतिक क्रमांत बांधलेली आहेत, म्हणून फ्लॉपी वाचल्यावरही मराठी लगेच दिसत नाही. पण बुरशी, ग्रीस आणि हेड यांचे नियम त्यांनाही तेच आहेत. छापखान्याच्या फडताळात असा डबा असेल तर पहिली तीन प्रकरणे तुमच्यासाठीही आहेत.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. आठ इंची ड्राइव्ह नाहीत, हार्ड डिस्क नाहीत, आणि संगणकाच्या मुख्य पट्टीची दुरुस्ती नाही. त्यावर लिहिण्याइतका माझा हात त्यात बसलेला नाही. फ्लॉप्यांचा साठा दिवसेंदिवस आटतो आहे, सोनीने २०११ मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हा सरावासाठी चांगल्या फ्लॉप्या खर्चू नका. आणि पेन्सिल जवळ ठेवा. स्क्रूड्रायव्हरच्या आधी ती उचलायची.

काकांच्या फ्लॉप्यांचे काय झाले, ते राहिले. लेबलांवर काकांनी तारखा घातल्या होत्या, तेवढा एक धागा हाती होता. ड्राइव्ह झूमफ्लॉपीला जोडला आणि जुन्या तारखेकडून नव्या तारखेकडे निघालो. मोटर केसभर फिरवायची, एक फ्लॉपी उघडते का पाहायचे, उघडली की उतरवून घ्यायची आणि चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढून पुढे साल लिहायचे. मग आणखी केसभर. तीन संध्याकाळी गेल्या. अकरापैकी नऊ फ्लॉप्या उतरल्या. त्यांत घरखर्चाचा मार्कांतला हिशेब होता आणि काकूंनी सासूबाईंना लिहिलेली पत्रे होती. कमोडोरला देवनागरी येत नसे, म्हणून रोमन अक्षरांत मराठी टंकून, छापून, ती पाकिटातून साताऱ्याला जात. काका ती पडद्यावर मोठ्याने वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला मनात वाचू लागले.

उरलेल्या दोन फ्लॉप्यांवर बुरशी आहे. त्या शेवटच्या वर्षातल्या आहेत. त्यांची साफसफाई अजून चालू आहे, आणि ती होईपर्यंत ड्राइव्हची मोटर मी शेवटच्या रेघेवरच ठेवली आहे, म्हणजे जगाच्या मापाने पार वाकडी. गेम खेळायला काकांना दुसरा, सरळ ड्राइव्ह दिला आहे. हा माझ्या कपाटात असतो. त्याच्या झाकणावर चिठ्ठी लावली आहे, माझ्यामागे कुणी कपाट उघडले तर त्याच्यासाठी: 'वाकडा आहे. सरळ करू नये.'